सर्व्हिसबेरीची पानं ऑगस्टमध्येच का गळतात?

सर्व्हिसबेरी म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अंगणांत शोभेसाठी लावलं जाणारं लहान फळझाड. एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांनी झाकलेलं. जूनमध्ये जांभळी फळं आणि त्यांवर तुटून पडलेले रॉबिन अन् सीडर वॅक्सविंग पक्षी. ऑगस्टच्या अखेरीस बघावं तर खालच्या फांद्या बोडक्या, उरलेल्या पानांवर तपकिरी ठिपके, कडा करपलेल्या. ज्या केशरी-लाल रंगासाठी सर्व्हिसबेरी अंगणात आणली, तो रंग ऑक्टोबर यायच्या आतच जमिनीवर पडून गेलेला असतो. वसंतात झाड पुन्हा फुलतं, आपण हुश्श करतो, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘बुरशीनाशक मारा’. ऑगस्टमध्ये मारलेलं बुरशीनाशक जवळपास वायाच जातं. तेव्हा दिसणारं दुखणं बुरशीचं असेल तर त्याची लागण एप्रिल-मेमध्येच झालेली असते, आणि मुळांचं असेल तर झाड लावलं त्या दिवसापासून ते सोबत असतं. म्हणून आज हातात बाटली घेण्याआधी पान घ्या. कोणतं दुखणं आहे ते आज ठरवायचं. उपाय बहुतेक वेळा पुढच्या तीन ऋतूंत करायचे असतात.

पान हातात घेऊन

एक पान झाडाच्या तळाकडून, आतल्या बाजूचं. दुसरं शेंड्याकडचं, उन्हातलं. दोन्ही उजेडासमोर धरा आणि उलटूनही बघा. मला चार गोष्टी कळल्या की बाकीचं बरंचसं उलगडतं: ठिपके आहेत की फक्त कडा वाळल्या आहेत; ठिपक्यांचा रंग तपकिरी-जांभळा आहे की केशरी; दुखणं खालून वर चढतंय की वरून खाली उतरतंय; आणि पहिल्यांदा कधी दिसलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच कुणाकडे असतं, कारण मेमध्ये झाडाकडे कुणी बारकाईने बघत नाही. फोनमध्ये मे-जूनचे फोटो सापडले तर ते मोठे करून बघा. फुलाफळांच्या फोटोत मागच्या पानांवरचे पहिले ठिपके बरेचदा आलेले असतात.

तपकिरी ठिपके, खालून वर: पर्णठिपका

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार हाच. एन्टोमोस्पोरियम नावाच्या बुरशीमुळे येणारा पानावरील ठिपके रोग. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरचे, लालसर-जांभळे, थोडे कोनाकृती ठिपके. मग मधला भाग तपकिरी किंवा करडा होतो आणि भोवती पिवळी कडा उमटते. भिंग असेल तर जुन्या ठिपक्याच्या मधोमध एक बारीक, चकचकीत काळा फुगवटा दिसतो. बीजाणू त्यातूनच बाहेर पडतात. ठिपके एकमेकांना मिळाले की पान पिवळं पडून गळतं. फळांवरही हेच डाग येतात आणि फळं तडकतात.

या बुरशीला ओलं पान लागतं. पाऊस, दाट धुकं किंवा संध्याकाळी चालू केलेला स्प्रिंकलर, काहीही चालतं. पान काही तास सलग ओलं राहिलं की लागण होते, आणि त्या ठिपक्यातून उडालेल्या थेंबांबरोबर वरचं पान आजारी पडतं. म्हणून दुखणं तळाकडून वर चढतं. ज्या वर्षी वसंत कोरडा जातो त्या वर्षी झाड बऱ्यापैकी हिरवं राहतं आणि आपण आपल्या उपायाला श्रेय देऊन बसतो.

बुरशी हिवाळा काढते गळलेल्या पानांत आणि कोवळ्या काड्यांवरच्या जखमांत. खरी किल्ली इथेच आहे. शरदात झाडाखालची पानं झाडून काढा, आणि आच्छादनाचा वरचा थर त्या पानांनी भरला असेल तर तोही बदला. घरचा कंपोस्टचा ढीग नीट तापत नसेल तर ही पानं त्यात टाकू नका. कंटाळवाणं काम आहे, पण दोन-तीन शरद नेमाने केलं तर फवारणीपेक्षा जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे. त्याने बुरशी संपणार नाही. शेजारच्या अंगणातूनही ती येते, आणि लाल कोंबांची फोटिनिया किंवा इंडियन हॉथॉर्न यांच्या कुंपणावरही हीच बुरशी राहते. सर्व्हिसबेरीला लागून असं ठिपक्यांनी भरलेलं कुंपण असेल तर आधी त्याची दखल घ्या.

दुसरं काम हवेचं. सर्व्हिसबेरी बहुतेक वेळा बहुखोडी झुडूप म्हणून विकली जाते आणि बुंध्यातून फुटवे काढत राहते. पाच-सहा वर्षं हात लावला नाही की आतला भाग इतका दाटतो की सकाळचं दव दुपारपर्यंत वाळत नाही. हिवाळ्याच्या शेवटी, झाड निद्रेत असताना, कोरड्या दिवशी सगळ्यात जुन्या खोडांपैकी साधारण चौथा हिस्सा अगदी जमिनीपाशी कापा. एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा, नको असलेले फुटवे मुळापाशी तोडा. शेंडे छाटून झाडाला गोल आकार देऊ नका. त्याने वरची गर्दी आणखी वाढते, शिवाय फूल मागच्या वर्षीच्या लाकडावर येत असल्याने फुलंही जातात. या छाटणीत थोडा बहर कमी होतोच, तेवढा सोसावा.

तिसरं काम पाण्याचं. स्प्रिंकलरचा फवारा झाडावर जात असेल तर त्याचं तोंड फिरवा. पाणी मुळाशी, आणि सकाळी.

हे तिन्ही करूनही झाड दर वर्षी बोडकं होत असेल आणि ते दाराशीच, डोळ्यांसमोर असेल, तर फवारणीचा विचार करायला हरकत नाही. शोभेच्या झाडांसाठी क्लोरोथॅलोनिल किंवा प्रोपिकोनॅझोल असलेली बुरशीनाशकं मिळतात. पहिली फवारणी पानं उलगडताना, नंतरच्या लेबलवर लिहिलेल्या अंतराने, आणि पावसाळी वसंत असेल तरच. फुलं उमललेली असताना फवारू नका. एवढ्या लवकर फुलणाऱ्या झाडावर मधमाशा तुटून पडतात. फळं खाणार असाल तर लेबलवर खाण्याच्या फळासाठी त्या औषधाला परवानगी आहे का ते आधी वाचा. शोभेच्या झाडाचं औषध आणि खाण्याच्या फळाचं औषध यांत फरक असतो, आणि सर्व्हिसबेरी नेमकी दोन्ही आहे.

एक दिलासा: ऑगस्टमध्ये पानं गळाली म्हणून झाड मरत नाही. तोवर पुढच्या वर्षीच्या कळ्या बऱ्याचशा बांधून झालेल्या असतात. पण सलग काही वर्षं जूनमध्येच पानं झडली तर झाड अशक्त होतं, आणि अशक्त झाडाला खोडकिडा शोधून काढतो. त्याबद्दल पुढे.

केशरी ठिपके आणि फळांवरची शिंगं: तांबेरा

पानाच्या वरच्या बाजूला पिवळे-केशरी ठिपके आणि उलट बाजूला बारीक नळ्या किंवा शिंगं दिसली तर तो तांबेरा. फळांवर आला की दृश्य विचित्र असतं. हिरव्या फळातून पांढुरक्या नळ्या बाहेर आलेल्या आणि त्यांतून केशरी भुकटी सांडतेय. फळं आणि कोवळ्या काड्यांवर येणारा हा प्रकार बहुतेक वेळा सीडर-क्विन्स तांबेरा असतो. पानांवर त्याच कुळातल्या इतर बुरशी येतात. काडी फुगून वाळलेली दिसली तर ती निरोगी लाकडापर्यंत कापून टाका.

या बुरशीचं अर्धं आयुष्य जुनिपर या सूचिपर्णी झाडावर जातं, विशेषतः ईस्टर्न रेड सीडरवर. ते नावाला सीडर, प्रत्यक्षात जुनिपरच. वसंतातल्या पावसात जुनिपरच्या फांदीवरच्या गाठी किंवा फुगीर साल केशरी जेलीसारखी फुलते, तिथून उडालेले बीजाणू सर्व्हिसबेरीच्या कोवळ्या पानाफुलांवर पडतात, आणि उन्हाळ्यात सर्व्हिसबेरीवर तयार झालेली भुकटी परत जुनिपरकडे जाते. म्हणजे सर्व्हिसबेरीच्या एका पानावरून दुसऱ्या पानाला तांबेरा लागत नाही. तुम्हाला जुलैमध्ये दिसतो तो सगळा वसंतातल्या काही ओल्या दिवसांचा हिशेब असतो.

इथे पर्णठिपक्याचे निम्मे उपाय निकामी ठरतात. गळलेली पानं झाडून तांबेरा कमी होत नाही, कारण तो तिथे हिवाळा काढतच नाही. जुनिपर तोडावा का? तुमच्याच अंगणात, सर्व्हिसबेरीच्या अगदी जवळ, गाठींनी भरलेला एकच जुनिपर असेल तर त्याने फरक पडू शकतो. पण बीजाणू वाऱ्यावर मैलभर आणि त्याहून दूरही जातात. भोवती रेड सीडरची रानं असतील तर स्वतःचा एक जुनिपर तोडून फक्त कुंपण उघडं पडतं. जुनिपरच्या गाठी हिवाळ्यात कापता येतात, मात्र क्विन्स तांबेऱ्याची फुगीर साल ओळखणं अवघड असतं आणि ती बुरशी त्या फांदीत वर्षानुवर्षं जिवंत राहते.

फवारणी करायचीच तर कळ्या फुटताना आणि पाकळ्या गळून गेल्यावर, मायक्लोब्युटॅनिल किंवा प्रोपिकोनॅझोलसारखं औषध लेबलप्रमाणे. केशरी ठिपका दिसला की त्या वर्षीची संधी गेली. शोभेच्या झाडावर पानांवरचा तांबेरा मी तसाच सोडून देईन. त्याने पानं क्वचितच सरसकट गळतात. ऑगस्टमध्ये झाड बोडकं झालंय आणि पानांवर चार केशरी ठिपके आहेत, अशा वेळी तांबेऱ्यावर ठपका ठेवून मोकळं होऊ नका. बहुतेकदा खरं कारण त्याच पानांवर, त्या ठिपक्यांच्या शेजारी असतं.

ठिपके नाहीत, कडा वाळल्यात

पानाचं टोक आणि कडा तपकिरी, कुरकुरीत. मधला भाग हिरवा. ठिपका एकही नाही. दुखणं शेंड्याकडे किंवा दक्षिण-पश्चिम बाजूला जास्त. हा रोग नव्हे, तहान आहे. तरीही अशा झाडांवरही बुरशीनाशक मारलं जातं.

सर्व्हिसबेरीची मुळं उथळ असतात. रानात ती मोठ्या झाडांच्या कडेला, ओढ्याकाठी, पालापाचोळ्याच्या गारव्यात वाढते. आपण तिला डांबरी ड्राइव्हवेच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात लावतो, जिथे दुपारचं ऊन खालून आणि मागून दोन्हीकडून भाजतं. जुलैत पाणी नसलं की कडा करपतात, ऑगस्टमध्ये झाड स्वतःहून पानं टाकून ओझं कमी करतं.

पाणी पुरतंय का हे पृष्ठभागावरून कळत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर फांद्यांच्या घेराखाली मातीत खुपसून बघा. सहा-आठ इंच सहज गेला तर ओल आहे. दोन इंचांवर अडला तर मुळं कोरड्यात आहेत. लावल्यापासूनची पहिली दोन-तीन वर्षं पाऊस धरून आठवड्याला साधारण एक इंच पाणी मिळायला हवं, तेही एका दमात खोलवर. रोज पाच मिनिटांच्या शिंतोड्याने मुळं आणखी वर येतात. लाकडाच्या चिपांचं दोन-तीन इंच आच्छादन, जमेल तितकं रुंद, पण बुंध्यापासून काही इंच दूर. बुंध्याभोवती चिपांचा ढीग रचायची पद्धत सगळीकडे दिसते. त्यात साल कुजते आणि उंदरांना हिवाळ्यात आडोसा मिळतो.

पाणी पुरेसं असूनही कडा करपत असतील तर बुंध्याशी माती उकरा. खोड जमिनीत शिरताना रुंद होत मुळांत उतरताना दिसलं पाहिजे. विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलं असेल तर झाड खोल लावलंय. दोन-तीन इंचांचा फरक असेल तर वरची माती हलक्या हाताने काढून घेता येते. त्याच वेळी खोडाला गोल वेढा घालणारं मूळ दिसतंय का बघा. कुंडीत जास्त काळ राहिलेल्या रोपांत ते हमखास सापडतं. बारीक असेल तर कापा. मनगटाएवढं झालं असेल तर झाडांच्या जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका.

पान पिवळं, शिरा हिरव्या

हे नव्या पानांवर आधी दिसतं आणि बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. मातीत लोह असतं, पण सामू (pH) ७ च्या बराच वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. सर्व्हिसबेरीला किंचित आम्ल माती मानवते, साधारण ५.५ ते ७. नव्या काँक्रीटच्या पायाशेजारी आणि चुनखडीच्या मातीत ही तक्रार नेहमीची. आधी मातीची तपासणी, मग उपाय. गंधकाने सामू सावकाश उतरतो, चुनखडीची माती तर जुमानतच नाही. ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड लोह अल्कधर्मी मातीतही मुळांना मिळतं, पण ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. ‘पिवळं पडलंय, खत द्या’ म्हणून नत्र ओतू नका. कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य करपा (त्याबद्दल लगेच पुढे) आयताच ओढवून घेतला जातो.

उरलेले संशयित

शेंडा काळा पडून काठीच्या मुठीसारखा वाकला, पानं जळल्यासारखी पण न गळता लटकलेली, तर फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य करपा. दिसणाऱ्या काळ्या भागाच्या आठ ते बारा इंच खाली, कोरड्या दिवशी कापा, आणि प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा. हे एक दुखणं पुढच्या ऋतूवर ढकलायचं नाही.

पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी. दिसायला वाईट, धोका कमी. पानावर बारीक फिकट टिंब आणि कोरडा, तापलेला उन्हाळा म्हणजे कोळी कीड. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर तेच. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. पानाखाली डांबराच्या थेंबांसारखे काळे डाग दिसले तर लेस बग हा पानाचा रस शोषणारा कीटक. पानाच्या फक्त शिरा शिल्लक आणि वर गोगलगायीसारखी चिकट काळसर अळी म्हणजे पेअर स्लग. तीही पाण्याने पडते. पानाखाली काळा मखमली थर आणि फांद्यांचा झुबका असेल तर वेगळी बुरशी आहे. झुबका कापा आणि विसरा.

मावा मात्र जरा गमतीचा. जवळ अमेरिकन एल्म असेल तर एल्मची पानं मुडपणारा लोकरी मावा उन्हाळ्यात सर्व्हिसबेरीच्या मुळांवर येऊन राहतो. मोठं झाड सोसतं, पण नवं रोप कारण न कळता खुरटतं. खुरटलेलं रोप उपटायची वेळ आलीच तर मुळांवर पांढरी लोकर आहे का बघा.

बुंध्याशी, जमिनीलगत, लालसर भुसा दिसला तर खोडकिडा. सफरचंदाच्या झाडाला पोखरणारा गोल डोक्याचा किडा सर्व्हिसबेरीलाही येतो. भोकात तार घालून अळी मारता येते. बहुखोडी झाडात एकच खोड पोखरलं असेल तर ते खोड काढून टाकणं सोपं. बाकीचं झाड ती जागा भरून काढतं. कीटकनाशक मुळांतून देऊ नका. ते परागकणांत उतरतं.

झाड कोणतं, हेही बघा

लेबलवर फार विसंबू नका. कॅनाडेन्सिस, लीव्हिस, आर्बोरिया या सर्व्हिसबेरीच्या जाती आणि यांच्यातल्या संकराची रोपं व्यापारात सर्रास एकमेकांच्या नावाने विकली जातात. कोवळं पान तांबूस आणि गुळगुळीत असेल तर लीव्हिसचं रक्त आहे. कोवळं पान करड्या लवेने झाकलेलं असेल तर आर्बोरिया. सरळ उभ्या खोडांचा दाट झुबका आणि सतत येणारे फुटवे हे कॅनाडेन्सिसचं लक्षण. तिला ओलसर जागा चालते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडची अल्निफोलिया, म्हणजे सॅस्कटून, थंडी आणि अल्कधर्मी माती दोन्ही जास्त सोसते, पण झुडूपच राहते आणि पसरते. तिच्याकडून एकखोडी वृक्षाची अपेक्षा ठेवून फुटवे तोडत बसणं म्हणजे दर वर्षीची मजुरी.

शोभेसाठी सर्वाधिक लावला जातो तो आर्बोरिया-लीव्हिस संकर, ग्रँडिफ्लोरा. त्यातला ‘ऑटम ब्रिलियन्स’ हा वाण पर्णठिपक्यापुढे त्यातल्या त्यात तग धरतो आणि रंगही चांगला देतो. ओल्या वसंतात तोही ठिपकतो, पण बहुतेकदा ऑक्टोबरपर्यंत पानं राखतो. रंगासाठी दिवसाचा निम्मा वेळ तरी ऊन हवं. दाट सावलीत पान निरोगी राहिलं तरी पिवळट होऊन गळतं. तिथे रोग शोधू नका.

जागा बदलायची ठरली तर झाड लहान असेपर्यंतच, पानं गळल्यावर किंवा कळ्या फुगण्याआधी हलवा. मोठं झालं असेल तर तिथेच आच्छादन आणि पाणी सुधारून दोन वर्षं वाट बघा. आणि निदानच होत नसेल तर अमेरिकेत राज्य विद्यापीठांच्या एक्स्टेन्शन (लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या) विभागाच्या वनस्पती-निदान प्रयोगशाळा असतात. ताजी, अर्धी आजारी पानं कोरड्या कागदात गुंडाळून पाठवा, प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट नव्हे. पूर्ण वाळलेल्या पानावर इतक्या इतर बुरशी चढलेल्या असतात की मूळची कोणती हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही. म्हणून नमुना ऑगस्टपर्यंत थांबवू नका, जूनमध्ये पहिला ठिपका दिसताच पाठवा.